अगदी आपल्या लोणावळ्यासारखं!

पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही नामांकित ठिकाणी मराठी मंडळींची बस थांबली, की पहिल्या दहा मिनिटांत काही गोष्टी ठरलेल्या क्रमानं घडतात. आधी स्वच्छतागृह कुठे आहे याची चौकशी होते. मग कानटोप्या निघतात. मग पिशवीच्या तळातून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा वर येतो आणि 'अहो, एक तरी घ्या' असा आग्रह सुरू होतो. हे सगळं यथासांग उरकलं की कुणीतरी समोरच्या दरीकडे, तळ्याकडे किंवा बर्फाकडे पहिल्यांदाच नीट बघतं, कमरेवर हात ठेवतं, लांब श्वास घेतं आणि ते वाक्य बोलतं : "हे अगदी आपल्या लोणावळ्यासारखं आहे, नाही?" बोलणारा अमरावतीचा असेल तर लोणावळ्याच्या जागी चिखलदरा येतो, कोल्हापूरचा असेल तर पन्हाळा, सावंतवाडीचा असेल तर आंबोली. साचा तोच. आजूबाजूचे चारजण 'हो ना, अगदी!' म्हणून दुजोरा देतात आणि पुरी संपवतात. समोर आल्प्स उभा असतो. तो बिचारा ऐकून घेतो.

या वाक्याची आजवर यथेच्छ टिंगल झाली आहे. एवढे पैसे मोजून लोणावळाच बघायचा होता तर लोणावळ्याचं तिकीट काय वाईट होतं, असं विचारणारे प्रत्येक कुटुंबात एकतरी असतात. बहुधा ते घरातले असे जावई असतात ज्यांना कुणी सहलीला नेलेलं नसतं. त्या वाक्याचं वकीलपत्र आजवर कुणी घेतलं नाही, म्हणून ते इथे घ्यायचं ठरवलं आहे. माझं म्हणणं असं : प्रवासात माणूस तुलना सोडून दुसरं फारसं काही करतच नाही, आणि केलं पाहिजे असंही नाही. जग बघायचं म्हणजे ते मोजायचं, आणि मोजायला पट्टी लागते ती घरचीच. आपल्या प्रवाशाची चूक काढायचीच असेल, तर त्यानं घरची पट्टी बरोबर का नेली, असं विचारू नये. ती जशी नेली तशीच्या तशी परत कशी आणली, असं विचारावं.

आधी विरोधी पक्षाचं म्हणणं ऐकून घेऊ. रसिक प्रवाशानं म्हणे देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं घर विमानतळावर काढून ठेवावं आणि कोऱ्या मनानं नव्या प्रदेशात शिरावं. ऐकायला हे फार सुंदर आहे. अडचण एवढीच, की कोऱ्या मनाला काही दिसत नाही. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचं रेल्वे स्टेशन समुद्रसपाटीपासून 3454 मीटर उंचीवर आहे. हे वाचून तुम्हाला काही झालं का? नसणार. आकड्याला थंडी वाजत नाही. आता तेच असं ऐका. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. तिथल्या लोखंडी शिड्यांपाशी ज्यांचे गुडघे बोलायला लागले, त्यांना ही उंची शरीरानं पाठ आहे. त्या कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई उभी केली, तरी ते स्टेशन आणखी 162 मीटर वर राहतं. आणि तिथवर 1912 सालापासून रोज आगगाडी जाते, तिकीट तपासनीस वगैरे सगळं घेऊन. आता वाजली ना थंडी? ती युंगफ्राउनं वाजवलेली नाही, कळसूबाईनं वाजवली आहे. ज्यानं कळसूबाई पाहिलीच नाही, त्याला युंगफ्राउयोखही अर्धाच दिसतो.

आता साक्षीदार बोलावतो, आणि तेही साधेसुधे नाहीत. सातव्या शतकात ह्युएनत्संग नावाचा चिनी भिक्षू दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडे, येऊन गेला. इथली माणसं उपकाराला जागणारी आणि अपमानाचा सूड उगवणारी आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. आपल्या सोसायट्यांमधली पार्किंगवरून होणारी भांडणं पाहिली, तर किमान उत्तरार्ध अजून लागू आहे. पण मुद्दा दुसरा. या गृहस्थानं आपला मुलूख मोजला तो चिनी 'ली'मध्ये. भारतीय योजन म्हणजे काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं, ते त्यानं वाचकांना समजावूनही सांगितलं आहे. तरी अंतर सांगताना ओठावर आलं ते घरचंच माप. हा माणूस परत जाताना 657 ग्रंथ घेऊन गेला. आज विमानात 23 किलोच्या वर सामान झालं की आपण चिवड्याची पिशवी बायकोच्या बॅगेत ढकलतो, त्यामुळे त्याच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरा साक्षीदार इब्न बतूता. चौदाव्या शतकात तो दौलताबादला आला. तिथल्या किल्ल्यातल्या अंधारकोठडीत कैद्यांना छळणारे उंदीर होते. ते केवढे, तर मांजरापेक्षा मोठे, मांजरंच त्यांना बघून पळतात, असं त्यानं नोंदवलं आहे. निम्मं जग पालथं घातलेल्या माणसालासुद्धा उंदीर मोजायला शेवटी मांजरच लागलं. त्यानं 'दौलताबादच्या मूषकांचं विलक्षण अस्तित्व कोऱ्या मनानं अनुभवलं' असं लिहिलं असतं, तर आज कुणाला त्या उंदरांची आठवण राहिली असती?

साहेबाचं उदाहरण तर घरचंच आहे. 1820च्या दशकात इंग्रजांना महाबळेश्वरची हवा मानवली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथे बस्तान बसवलं, पेठेलाच 'माल्कम पेठ' नाव पडलं आणि मग डोंगराची जी जी कड दरीवर डोकावत होती तिला एकेक साहेब चिकटला. एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, आर्थर सीट. माल्कमसाहेबांची मुलगी केट, तिच्याही नावाचा पॉइंट झाला. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढले आणि पाठोपाठ तिथेही शार्लोट लेक, लुइझा पॉइंट ही मंडळी राहायला आली. ज्या कड्यांवरून कातकरी आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या बिननावाची दरी बघत होते, तिथे साहेबानं आपल्या घरची माणसं उभी केली, कारण त्याशिवाय त्याला ती दरी आपली वाटेना. वर त्यानं स्ट्रॉबेरी लावली. त्याचा तो तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबाच होता. फरक इतकाच, की आपण पुऱ्या नेऊन खातो आणि त्यानं घरचा खाऊ इथल्या मातीत पेरून ठेवला. आज आपण त्याच स्ट्रॉबेरीवर क्रीम घालून तिला 'महाबळेश्वरची खासियत' म्हणतो आणि घरी परतताना दोन खोके घेतो.

आपणही नावं ठेवण्यात मागे नाही. पैठण दक्षिण काशी आहे, कोल्हापूर दक्षिण काशी आहे आणि वाईसुद्धा दक्षिण काशीच आहे. इतक्या काश्या असल्यावर मूळ काशीला जाण्याची गरज का उरावी, हा प्रश्न विचारायचा नसतो. गोदावरी ही दक्षिणगंगा. पुणं पूर्वेचं ऑक्सफर्ड, इचलकरंजी महाराष्ट्राचं मँचेस्टर, आंबोली महाराष्ट्राची चेरापुंजी आणि कोयनेच्या पाण्याकाठचं तापोळं मिनी काश्मीर. एका गावाला दुसऱ्या गावाचा जामीन दिल्याशिवाय आपल्याला त्याची पत पटत नाही. श्रीनगरच्या शिकाऱ्यात बसून 'हे म्हणजे उत्तरेचं तापोळं' असं आजवर कुणी म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं, पण आपली माणसं आता तिथेही पोहोचली आहेत, तेव्हा तेही कुणीतरी म्हटलं असेलच. आणि का म्हणू नये? काशीनं पैठणला मोठेपण दिलं, तर पैठणकरानं काशीच्या घाटावर उभं राहून नागघाट आठवला, यात काशीचं काय बिघडतं? तुलनेचा रस्ता दुहेरी असतो. आपण एकाच बाजूची वाहतूक कौतुकाची मानतो आणि दुसऱ्या बाजूची हसण्यावारी नेतो, एवढंच.

त्या वाक्याचं व्याकरणही जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण ते वरवर दिसतं तेवढं सरळ नाही. पहिला प्रकार शुद्ध साम्याचा : 'अगदी आपल्यासारखं.' हा सर्वांत निरुपद्रवी. दुसरा संकेतार्थाचा : थेम्सच्या पुलावर उभा राहिलेला पुणेकर म्हणतो, 'मुठेला पाणी असतं ना, तर अश्शीच दिसली असती.' या वाक्यात 'असतं' या एका क्रियापदावर अख्ख्या लकडी पुलाचा भार आहे. तिसरा प्रकार हक्काचा : 'आपल्याकडे याहून मोठं आहे, पण आपल्याला जाहिरात करता येत नाही.' हा ऐकणाऱ्याला हटकून हसू आणतो, आणि पुष्कळदा खरा असतो. नायगारा साधारण 50 मीटर उंचीवरून पडतो; आपल्या शेजारच्या कर्नाटकातला जोगचा धबधबा 253 मीटरवरून. उंचीच्या परीक्षेत नायगारा जोगच्या पासंगालाही पुरत नाही. मात्र नायगाऱ्याचं वैभव पाण्याच्या लोंढ्यात आहे, आणि मे महिन्यात जोगसमोर उभं राहिलं तर धबधब्याऐवजी नळ गळतोय की काय असं वाटतं. तेव्हा पट्टी खोटी नव्हती, चुकीच्या बाजूनं लावली होती. शिंप्यानं छातीचं माप पायजम्याला लावलं तर आपण टेपला दोष देत नाही.

चौथा प्रकार पैशांचा, आणि परदेशात तो अहोरात्र चालतो. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास आला तेव्हा मराठी प्रवाशाची मोठी सोय झाली, कारण दोन शून्यं लावली की हिशेब तयार. चार युरोंचा चहा समोर येतो. प्रवासी कपाकडे बघतो, दोन शून्यं लावतो आणि जाहीर करतो, "चारशे रुपये! आणि आलंसुद्धा नाही." मग सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारात एक युरो मागतात, तिथे तर गुणाकारानं माणसाची निकडच थोपते. 'शंभर रुपये? हॉटेलवर जाऊन बघू.' यावर रसिकांचा आक्षेप असा, की गुणाकार करत हिंडणारा माणूस पॅरिस बघत नाही, रुपये बघतो. पण जरा विचार करा. त्या चहाचे चारशे रुपये झाले म्हणजे काय झालं? चहा करणाऱ्याच्या एका तासाची किंमत तिथे काय आहे आणि आपल्या टपरीवरच्या पोऱ्याच्या अख्ख्या दिवसाची काय, हे त्या दोन शून्यांत दडलेलं आहे. आपला माणूस गुणाकारापर्यंत अचूक पोहोचतो. उत्तराच्या पुढची ओळ तेवढी लिहीत नाही. गणिताच्या पेपरात अशा मुलाला निम्मे गुण मिळतात. आपण त्याला शून्य देतो, हे बरं नाही.

सर्वांत जोरदार आक्षेप डब्यावर असतो. परक्या देशात जाऊन मेतकूट-भात शोधणारा माणूस तिथलं काय चाखणार? तहानलाडू-भूकलाडू घेऊन निघण्याची ही सवय म्हणजे नव्या चवीची भीती, असं म्हणतात. भीती आहे, नाकारत नाही. मधुमेह, आम्लपित्त आणि सासूबाईंचा चातुर्मास या तिन्हींची मिळून ती झालेली असते. पण हा घरचा डबा किती घरचा आहे, हे उघडून बघायला हवं. आपल्या सोवळ्यातल्या सोवळ्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचा. बटाटा तिकडचा, आणि त्याचं 'बटाटा' हे नावसुद्धा पोर्तुगीजांनी दिलेलं. हिरवी मिरचीही अमेरिकेहूनच आलेली. कोलंबसापूर्वीच्या एकादशीला ही खिचडी शिजलीच नसती. म्हणजे ज्या डब्याला आपण घर म्हणून छातीशी धरून पेरूच्या डोंगरांत नेतो, तो डबा एका अर्थी माहेरी निघालेला असतो. घरची पट्टी म्हणून आपण जी मिरवतो ती कधीकाळच्या प्रवाशांनीच घडवलेली आहे. त्या प्रवाशांनी नवं काही चाखलंच नसतं, तर आपल्याला परदेशात आठवण काढायला खिचडीच उरली नसती. डबा नेणाऱ्याला हसायचं कारण नाही. डब्यातली एक पुरी शेजारच्या परदेशी बाईंना देऊन त्यांच्या पिशवीतलं काय आहे ते न विचारणाऱ्याला मात्र थोडं हसावं.

यावर चतुर माणूस विचारतो, पट्टी घरचीच लावायची तर जायचं कशाला? फोनवर सगळं दिसतं. बर्फ दिसतो, मनोरा दिसतो, आणि गुडघे दुखत नाहीत. या प्रश्नाचं उत्तर आपल्या पूर्वजांनी फार आधी देऊन ठेवलं आहे. काशी-रामेश्वर यात्रेचा विधी आठवा. रामेश्वरची वाळू उत्तरेला नेऊन गंगेत सोडायची आणि गंगेचं पाणी दक्षिणेला आणून रामेश्वराला घालायचं. नुसतं बघून यायचं असतं तर या ओझ्याची गरज नव्हती. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे नेल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असा तो नियम होता. तुलनेचाच हा धार्मिक अवतार म्हणा ना. फोनवरचा बर्फ खांद्यावर येत नाही. आणि ओझं खांद्यावर असलं म्हणजे वाटेत काय घडतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या यात्रेला आजच्यासारखा टूर मॅनेजर असता तर त्यानं शिट्टी फुंकून 'नाथ, बसमध्ये बसा, गाढव आपल्या आयटनरीत नाही' असं सांगितलं असतं. फोनवर गाढव भेटत नाही. भेटलं तरी त्याला पाणी पाजता येत नाही. घराबाहेर पडण्याचं कारण गाढव हे आहे, रामेश्वर हे निमित्त.

आता खरा आक्षेप, ज्याला टोलवता येणार नाही. तुलना ठीक आहे, पण आपल्या तुलनेचा निकाल नेहमी आपल्याच बाजूनं कसा लागतो? लोणावळा जिंकतो, पुरी जिंकते, आल्याचा चहा जिंकतो. पंच आपलाच, खेळपट्टी आपली आणि नाणेफेकही आपणच जिंकलेली. हे मात्र कबूल करावं लागेल, आणि इथे माझं अशील अडचणीत येतं. त्याचा बचाव एकाच प्रकारे करता येतो : त्यानं तुलना केली हा त्याचा गुन्हा नाही, ती अर्ध्यावर सोडली हा आहे. थेम्सच्या पुलावरच्या त्या पुणेकराकडे पुन्हा जाऊ. थेम्ससमोर त्यानं मुठेचं नाव घेतलं तेव्हा तो चेष्टेचा विषय झाला, पण 1858 सालापुरती ती तुलना शब्दशः बरोबर आहे. त्या उन्हाळ्यात सगळ्या लंडनचं मैलापाणी पोटात घेऊन थेम्स इतकी कुजली, की नदीकाठच्या पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले. दुर्गंधी खासदारांच्या नाकापर्यंत पोहोचली, तेव्हा ठराव भराभर मंजूर झाले आणि जोसेफ बॅझलजेट यांनी शहराखालून गटारांचं प्रचंड जाळं बांधलं. तरीही 1957 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी ही नदी जीवसृष्टीच्या दृष्टीनं मृत असल्याचं सांगितलं. आज तिच्यात मासे आहेत, सीलही दिसतात. आपल्या पुणेकराला पुलावर उभ्या उभ्या एवढंच विचारायचं होतं : मुठेसारखी होती, मग अशी कशी झाली? त्याऐवजी त्यानं विचारलं, 'जेवायला कुठे थांबणार?' आपली महानगरपालिका नदीकाठी भरवता येईल का, हा त्यापुढचा विचार तर त्याला सुचायलाच हवा होता, कारण नाक हा लोकशाहीतला फार प्रभावी अवयव आहे, हे लंडननं सिद्ध केलं आहे.

अर्ध्यावर न सोडलेली तुलना कशी असते, याचा नमुना आपल्याच भाषेत आहे. पंडिता रमाबाई 1886 साली अमेरिकेत गेल्या, तिथे जवळजवळ तीन वर्षं राहिल्या आणि 1889 साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत मोठं पुस्तक लिहिलं. पट्टी त्यांच्याकडेही घरचीच होती. इथल्या विधवेचं काय होतं, मुलीला अक्षर ओळखू देतात की नाही, या मापानं त्यांनी तिथल्या शाळा, संस्था आणि बायकांचे उद्योग मोजले. पण त्यांची पट्टी दोन्ही बाजूंनी खुणा केलेली होती. अमेरिकेचं तोंड भरून कौतुक करणाऱ्या त्याच पुस्तकात तिथल्या वर्णभेदावर आणि मूळ रहिवाशांच्या हालांवरही त्यांनी बोट ठेवलं. म्हणजे निकाल त्यांनी आधी लिहून ठेवलेला नव्हता. बालोद्यानाची फ्रोबेलची पद्धत त्या तिथे शिकल्या आणि परत आल्यावर मार्च 1889मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. बोटीतून उतरल्यावर 'तिकडे काय छान आहे हो' एवढंच सांगत त्या वर्षभर हिंडल्या असत्या, तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. शेजारी चॉकलेटं तेवढी मागितली असती. पट्टी वाकून आली आणि त्यांनी ती सरळ करायला नकार दिला, यात त्यांचं मोठेपण आहे.

आपल्या माणसाची पट्टीही वाकते, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. परदेशाहून परतलेल्या मराठी माणसाला एक ताप येतो, त्याला 'तिकडे' म्हणतात. विमानतळाच्या बाहेर हॉर्न कानावर पडला की पहिली कळ येते : 'तिकडे कुणी हॉर्न वाजवत नाही.' बँकेच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं की दुसरी. रस्ता ओलांडताना तो झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवतो आणि गाडी थांबेल म्हणून वाट बघतो; गाडी थांबत नाही, पण त्यानं वाट बघितली याची नोंद घ्यायला हवी. घरचे कंटाळतात. 'अहो, पुरे आता तिकडचं' असं स्वयंपाकघरातून ऐकू येतं. पंधरा दिवसांत ताप उतरतो, तो पुन्हा सिग्नल तोडायला लागतो आणि पट्टी होती तशी सरळ होते. ज्यांना प्रवासानं दृष्टी विशाल झाल्याचा पुरावा हवा असतो, त्यांनी या पंधरा दिवसांतच घाई करून तो गोळा करावा. त्यानंतर उरतात ते फ्रिजवरचे आयफेल टॉवर, आणि तेही नीट चिकटत नाहीत.

पण क्वचित, फार क्वचित, ताप पूर्ण उतरत नाही. जुलैचा रविवार असतो. हाच गृहस्थ खुद्द लोणावळ्यात, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर, गुडघाभर पाण्यात आणि हजारभर माणसांत उभा असतो. सभोवार कणसांचे बुरखुंडे, चिप्सची पाकिटं आणि कुणाचीतरी एकच चप्पल तरंगत असते. त्याच्या हातात चिक्कीचा कागद आहे. चिक्की पोटात गेली आहे आणि कागद टाकायला त्याचा हात सवयीनं मागे जातो, तो तिथेच थांबतो. तो इकडेतिकडे बघायला लागतो. "अहो, काय शोधताय?" "डबा." "पुऱ्यांचा?" "कचऱ्याचा." बायको त्याच्याकडे बघते, पाण्याकडे बघते आणि काही बोलत नाही. डबा काही दिसत नाही. शेवटी तो कागदाची बारीक घडी करून ओल्या पँटच्या खिशात ठेवतो. दोघांच्या सहलीला सहा लाख रुपये लागले होते. सहा लाख भागिले एक कागद. हिशेब महागात पडला हे खरं, पण पहिल्यांदाच त्यानं गुणाकार सोडून भागाकार केला, आणि बाकी खिशात ठेवली.